खांद्याच्या ऑपरेशनआधीचे ते नऊ प्रश्न

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"डॉक्टरताई, मी ५४ वर्षांची असून शिवाजी पेठेत राहते. अकरा वर्षे घरी भाकरी करून दोन खाणावळींना पुरवते. आषाढात दारातल्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले, उजव्या हातावर पडले आणि तेव्हापासून तो हात वर जात नाही. एमआरआयमध्ये खांद्यातली शीर तुटल्याचे निघाले. दिवाळीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले आहे. मला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या आठवड्यात दवाखान्यात एका मुलीने दोन कागद दिले. एक त्यांच्या अभ्यासात भाग घेण्याचे संमतीपत्र होते, ते घरी आणले आहे. दुसऱ्यावर नऊ प्रश्न होते: मन उदास असते का, झोप लागते का, स्वतःबद्दल वाईट वाटते का, असे. मुलगा शेजारी बसला होता, म्हणून मी सगळीकडे 'अजिबात नाही' वर खूण केली. खरे तर हे गेल्याला दीड वर्ष झाले, तेव्हापासून कशात जीव लागत नाही. रात्री त्यांच्या जुन्या चिठ्ठीवर आणलेली झोपेची गोळी घेते, हे घरात कुणाला माहीत नाही. जाऊबाई म्हणतात, माझे निम्मे दुखणे मनाचे आहे. खरे लिहिले तर ऑपरेशन नाकारतील का? खोटे लिहून मी काही बिघडवले का? ते संमतीपत्र भरू का? आणि माझा हात पुन्हा भाकरीला कधी लागेल?"

नमस्कार ताई,

ज्या प्रश्नाची धास्ती तुम्हाला सर्वांत जास्त आहे, त्याचे उत्तर आधी देते. त्या नऊ प्रश्नांची खरी उत्तरे लिहिली म्हणून खांद्याचे ऑपरेशन नाकारले जात नाही. रक्तातली साखर वाढलेली निघाली तर डॉक्टर जसे आधी ती आटोक्यात आणतात आणि अगदी गरज पडली तर तारीख थोडी पुढे नेतात, तसेच मनाच्या बाबतीतही असते. माहिती मिळाली तर तयारी करता येते, एवढाच त्या कागदाचा हेतू आहे. तुमच्या खोट्या उत्तरांनी अजून काही बिघडलेले नाही. ती प्रश्नावली फक्त मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते, त्यामुळे ती पुन्हा भरता येते आणि उपचारांच्या काळात पुन्हा पुन्हा भरून घेतलीही जाते. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्या मुलीला एवढेच सांगा की मागच्या वेळी मुलगा शेजारी होता, मला मोकळेपणाने लिहिता आले नाही, मला पुन्हा भरायचे आहे. एकटीने बसून भरू द्या, असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. लिहिताना हात दुखत असेल तर तिने प्रश्न वाचून दाखवावा आणि तुम्ही आकडा सांगावा.

तुमच्या पत्रातली झोपेच्या गोळीची गोष्ट मात्र पुढच्या तपासणीपर्यंत थांबण्यासारखी नाही. ती याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि नंतर ऑपरेशनपूर्व तपासणीत भूलतज्ज्ञांना सांगा. गोळीचे पाकीट सोबत न्या, म्हणजे नाव आणि ताकद सांगताना चूक होणार नाही. याचे कारण नीट समजून घ्या. खांद्याच्या ऑपरेशनात पुष्कळदा पूर्ण भुलीच्या जोडीला मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताकडे जाणाऱ्या नसा बधिर करतात. त्या औषधाचा अंमल जवळून जाणाऱ्या श्वासपटलाच्या नसेवरही होतो आणि त्या बाजूचे श्वासपटल काही तास मंद पडते. बहुतेकांना ते फारसे जाणवत नाही. पण त्याच रात्री वेदनेसाठी ट्रामाडॉलसारखे औषध चालू असेल आणि त्यावर कुणालाही न सांगता झोपेची गोळी घेतली, तर श्वास मंदावण्याचा धोका खरा असतो. भूलतज्ज्ञांना आधी माहीत असेल तर ते औषधे त्या हिशेबाने निवडतात. आणि कृपा करून याच्या उलट चूकही करू नका. हे वाचून घाबरून आज रात्रीपासून गोळी एकदम बंद करू नका. कित्येक महिने रोज घेतलेली अशी गोळी अचानक थांबवली तर झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, छातीत धडधडते, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत आणायची असते, आणि त्यासाठी दिवाळीपर्यंतचे दिवस तुमच्या हाताशी आहेत.

आता जाऊबाईंच्या बोलण्याकडे येते, कारण ते तुमच्या खांद्यापेक्षा जास्त दुखलेले दिसते. गेली सव्वीस वर्षे मी कोल्हापुरात खांद्याच्या रुग्णांचे व्यायाम घेते आहे आणि हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या बायकांनी घरी इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याचे उत्तर सविस्तरच द्यायला हवे.

तुम्ही ज्याला शीर म्हणता ती कंडरा आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. खांद्याच्या गोल हाडाभोवती चार स्नायूंच्या कंडरांची मिळून एक टोपी असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. हात वर उचलताना ही टोपी त्या गोल हाडाला उथळ वाटीत धरून ठेवते. ती फाटली की हात उचलायला गेल्यावर हाड वर सरकते, खांदा कानाकडे चढतो आणि हात अर्ध्यावर अडतो. तुमच्या बाबतीत हे पडल्यामुळे झाले, त्याच दिवसापासून ताकद गेली आणि चित्रात ते दिसले आहे. यात मनाचा खेळ काहीही नाही.

पण दुखणे किती जाणवते हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याविषयी संशोधनाने आम्हा लोकांच्या जुन्या समजुती बऱ्याच बदलल्या आहेत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले गेले, तेव्हा साठीच्या पुढच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या कंडरा पूर्ण किंवा अर्धवट फाटलेल्या आढळल्या. त्यांना ते ठाऊकही नव्हते. पुढे २०१४ साली, न पडता हळूहळू झिजून कंडरा पूर्ण फाटलेल्या ३९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भोक जितके मोठे तितकी वेदना जास्त, अशी सर्वांची अपेक्षा होती. तसे आढळले नाही. २०१६ साली अमेरिकेतल्याच युटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी कंडरा पूर्ण फाटलेल्या रुग्णांच्या मनःस्वास्थ्याची गुणसंख्या आणि फाटलेल्या भागाचा आकार या दोन्ही गोष्टी दुखण्याशी आणि हाताच्या वापराशी पडताळून पाहिल्या, तेव्हा आकारापेक्षा मनःस्वास्थ्याचा संबंध अधिक घट्ट निघाला.

हे वाचून जाऊबाई म्हणतील, पाहा, मी म्हणतच होते. त्यांना सांगा की याचा अर्थ तसा नाही. वेदनेचा संदेश खांद्यातून निघतो, मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू त्याच वाटेने खाली उलट संदेश पाठवून तो आवाज कमी-जास्त करत असतो. ज्याला अनेक रात्री झोप नाही, जो सतत काळजीत किंवा दुःखात आहे, त्याची ही आवाज कमी करण्याची सोय दुबळी पडते. त्याच खांद्याचा तोच संदेश त्याच्यापर्यंत मोठ्याने पोचतो. वेदना कल्पनेतली नसते, ती खरोखरच जास्त होत असते. शिवाय भीतीने माणूस मान आणि खांदा आखडून धरतो, मानेच्या बाजूचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, हात कमी हलवला जातो, सांधा आखडतो आणि आखडलेला सांधा आणखी दुखतो. हे चक्र कुठून सुरू झाले हे शोधत बसण्यापेक्षा ते जिथे हाताला लागेल तिथे थांबवावे, हे शहाणपणाचे. म्हणून तो नऊ प्रश्नांचा कागद.

तो कागदही तुम्हाला परका वाटू नये म्हणून थोडे सांगते. पीएचक्यू-९ या नावाची ही प्रश्नावली रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के या तिघांनी तयार केली आणि २००१ साली ती वैद्यकीय नियतकालिकात आली. प्रत्येक प्रश्नाला 'अजिबात नाही' साठी ० पासून 'जवळजवळ रोज' साठी ३ पर्यंत गुण असतात, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर पुढे नीट विचारपूस करावी, असा संकेत आहे. ही पीठ चाळण्याची चाळण आहे. तिच्यावर काही अडकले म्हणजे आजार सिद्ध झाला, असे होत नाही. खांद्याच्या रुग्णांत तर ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण झोप न लागणे, थकवा येणे, भूक कमी होणे हे प्रश्न त्यात आहेत आणि रात्री कूस बदलली की कळ येणाऱ्या कोणत्याही माणसाचे गुण तिथे आपोआप वाढतात. म्हणून आकड्यावर न थांबता डॉक्टरांनी समोर बसून बोलणे आवश्यक असते. तुम्ही सगळीकडे शून्य लिहिलेत तेव्हा ते बोलणेच टळले, एवढेच झाले आहे.

नवव्या प्रश्नाविषयी मला स्पष्ट लिहावे लागेल. जगण्यापेक्षा मेलेले बरे, किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार मनात येतात का, असे तो विचारतो. तुमचे खरे उत्तर तिथेही शून्य असेल अशी मी आशा करते. नसेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. आजच घरातल्या एका तरी माणसाला सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलीमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. उदास वाटते एवढ्या कारणासाठी फोन केला तरी चालतो, अगदी टोकाची वेळ यायला हवी असे नाही. आणि ती गोळ्यांची पाकिटे तोवर उशाशी ठेवू नका, दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.

ऑपरेशननंतर काय होते, याविषयीही अभ्यास झाले आहेत. उदासी किंवा चिंता असलेले रुग्ण ऑपरेशनआधी जास्त वेदना आणि कमी वापर नोंदवतात, आणि नंतरही त्यांची गुणसंख्या इतरांपेक्षा काहीशी खाली राहिल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. मात्र सुरुवात जिथून झाली तिथून ते किती वर आले, हे पाहिले तर बहुतेक अभ्यासांत त्यांनाही चांगला फायदा झालेला आढळतो, आणि खांदा सुधारला तसे कित्येकांचे मनही सावरल्याची नोंद आहे. ही सारी निरीक्षणे आहेत. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. तरीही दोन निष्कर्ष तुमच्या उपयोगाचे आहेत: उदासी आहे म्हणून ऑपरेशन वाया जाईल असे मानण्याचे कारण नाही, आणि आहे तर तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचेही नाही.

अपेक्षेचा भागही मला फार महत्त्वाचा वाटतो. झिजून कंडरा फाटलेल्या ४५२ रुग्णांना अमेरिकेत आधी बारा आठवडे व्यायाम दिले गेले आणि दोन वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. त्यांपैकी पाव लोकांनाही ऑपरेशन करून घ्यावेसे वाटले नाही. कुणाला वाटले याचा शोध घेतला तेव्हा, व्यायामाने बरे वाटेल यावर आधीपासून विश्वास नसणे, हे सर्वांत ठळक कारण निघाले. तुमचा खांदा या गटातला नाही, तुमची कंडरा पडल्याने एकदम फाटली आहे आणि अशा वेळी लवकर शिवणे योग्य असते, म्हणून हा अभ्यास दाखवून ऑपरेशन टाळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पण ऑपरेशननंतरचे चार-सहा महिने तुम्हालाही व्यायामच करायचे आहेत, आणि 'माझ्या नशिबात काही बरे होणे नाही' असे मनात धरून बसलेली व्यक्ती ते व्यायाम कसे करते, हे मी रोज पाहते. ती येते, पण हात देत नाही.

संमतीपत्राची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच ठेवा. तुमचा उपचार आणि त्यांचा अभ्यास यांची गल्लत होऊ देऊ नका. अभ्यासात भाग घेतला नाही म्हणून उपचारात उणेपणा होता कामा नये, आणि भाग घेतल्यावर कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता बाहेर पडता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे स्पष्ट आहे. सही करण्याआधी माहितीपत्रक मराठीतून मागा आणि घरी आणून वाचा. त्यावर नैतिकता समितीची मान्यता नोंदवलेली आहे का, शंका आल्यास कुणाला फोन करायचा हे दिले आहे का, तुमचे नाव गुप्त कसे राखले जाईल आणि जादा तपासण्यांचा खर्च कोण करणार, हे पाहा. अभ्यासात उपचार चिठ्ठ्या टाकून ठरणार आहेत, की फक्त तुमची उत्तरे नोंदवली जाणार आहेत, हे तर विचाराच. पहिल्या प्रकारात विचार करायला अधिक वेळ घ्या. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला धोका फारसा नसतो, आणि माझे मत विचाराल तर तुम्ही भाग घ्यावा. खांद्याविषयी मी वर जे काही लिहिले, ते कुणीतरी हजारो लोकांना चिकाटीने विचारले आणि त्यांनी खरे सांगितले म्हणूनच कळले. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वीच आग्रह धरला होता की प्रत्येक रुग्णाचा पुढे दीर्घकाळ मागोवा घ्यावा आणि उपचार यशस्वी झाला का, नसेल तर का नाही, हे रुग्णालयांनी नोंदवावे. त्यापायी त्यांनी सहकाऱ्यांचा रोष पत्करला. हे कॉडमन खांद्याचेच अभ्यासक होते, आणि हात लोंबता सोडून झुलवण्याचा जो व्यायाम तुम्हाला ऑपरेशननंतर शिकवला जाईल, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भाग घेणार असाल तर मात्र ते शून्य आधी दुरुस्त करा. तुमच्यासारख्या दहा जणींनी मुलासमोर शून्य लिहिले, तर खांद्याच्या बायकांना उदासी नसतेच, असा चुकीचा निष्कर्ष कुठेतरी छापून येईल आणि तो पुढच्या बायकांना भोवेल.

तुम्ही लिहिता की ते गेल्यापासून कशात जीव लागत नाही. दीड वर्षापूर्वी गेलेल्या जोडीदाराची आठवण येणे, सणाला डोळे भरून येणे, त्यांच्या खुर्चीकडे पाहून गलबलणे याला मी आजार म्हणणार नाही. पण दिवसाचा बहुतेक वेळ मन जड असणे, पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यातही काही न वाटणे, रोज रात्री गोळीशिवाय डोळा न लागणे, आणि हे आठवड्यामागून आठवडे चालणे, याला उपचार आहे आणि तो घ्यावा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा; कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथेही जाता येईल. बोलून होणारा उपचार असतो, औषधे असतात, पुष्कळदा दोन्ही मिळून देतात. उदासीवरच्या औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आताच जायला हवे. असे औषध सुरू झाले तर ते खांद्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यांतल्या काही औषधांबरोबर ट्रामाडॉल देताना जपावे लागते आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांबरोबर ती घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्यावर मार्ग असतात, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसली पाहिजे. एका वहीच्या पानावर सगळ्या गोळ्या लिहून ते पान पर्समध्ये ठेवा. साखरही याच काळात नीट ताब्यात आणा. मधुमेहात जखम भरणे आणि खांदा आखडणे या दोन्हींचा प्रश्न जास्त असतो.

मुलाला काय सांगायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. आईच्या ऑपरेशनसाठी कामावर रजा टाकून दवाखान्यात शेजारी बसणारा मुलगा तुमच्या उदासीने रागावेल असे मला वाटत नाही. बहुधा तोही वडिलांविषयी घरात बोलत नसेल. सगळे एका दिवशी सांगायची गरज नाही. झोपेच्या गोळीपासून सुरुवात करा, कारण ती गोष्ट त्याला ऑपरेशनच्या रात्री माहीत असायलाच हवी.

आता ऑपरेशननंतरचे दिवस. मानेतल्या इंजेक्शनने बधिर झालेला हात बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जागा होतो आणि तेव्हा कळ एकदम उसळते. दिलेली वेदनेची गोळी ती उसळण्याआधी, सांगितलेल्या वेळी घ्या. सहन करून दाखवण्यात काही मिळत नाही. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत असेल. या काळात आडवे झोपणे जमत नाही, म्हणून भिंतीला टेकून दोन-तीन उशा पाठीशी आणि एक उशी कोपराखाली घ्या, कोपर मागे लोंबू देऊ नका. ब्लाऊज पुढून उघडणारे आणि सैल बाहीचे दोन-तीन आधीच शिवून ठेवा. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. कॉडमनचा व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच: चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत वाका, दुखरा हात दोरासारखा सैल सोडा आणि शरीर हलवून तो झुलू द्या. खांद्याने तो झुलवायचा नाही. दहापैकी आठ जणींना हे पहिल्या दिवशी जमत नाही, कारण भीतीने हात सैल सुटतच नाही. मी त्यांना श्वास सोडताना मोठ्याने दहा आकडे मोजायला सांगते. सहाव्या-सातव्या आकड्याला खांदा कानापासून खाली उतरलेला दिसतो.

या सहा आठवड्यांत मन खाली जाते, हे आधी माहीत असू द्या. झोप अर्धवट, पातेले उचलता येत नाही, वेणी दुसऱ्याने घालायची, आणि व्यायाम करूनही हात तिथेच असल्यासारखा वाटतो. ऑपरेशननंतर झोप सुधारायला बहुतेकांना तीन महिने लागतात आणि पूर्ण सुधारणा सहा महिन्यांपर्यंत चालते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात झोप नाही याचा अर्थ ऑपरेशन फसले, असा घेऊ नका. हुपरीकडचे एक चांदी कारागीर माझ्याकडे होते. झोळी घालून चारचौघांत जायला त्यांना संकोच वाटे, म्हणून पंधरा दिवस ते खोलीतून बाहेर पडले नाहीत आणि व्यायामही सोडले. शेवटी आम्ही ठरवले की रोज सकाळी तासभर त्यांनी आपल्याच कारखान्यात बसायचे आणि हात झोळीतच ठेवून, फक्त बोटांनी पैंजणाची घुंगरे निवडायची. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःच्या पायांनी लवकर आले आणि तक्रारींऐवजी घुंगरांच्या प्रतीविषयी बोलू लागले. तुमच्यासाठीही असा एक ठरलेला तास हवा. सकाळी मुलाबरोबर रंकाळ्यावर चालून या, झोळी घालून चालायला हरकत नसते, फक्त ओल्या फरशीवरून जाऊ नका. किंवा खाणावळीचा हिशेब डाव्या हाताने लिहा.

गिऱ्हाईक तुटेल ही काळजी मनाचा आजार नाही, ती व्यवहारातली खरी अडचण आहे आणि तिला व्यवहारातच उत्तर हवे. तुमच्या गल्लीतल्या किंवा बचत गटातल्या दोघींना आताच विचारा, खाणावळवाल्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा की चार-पाच महिने भाकरी त्यांच्या हातची येईल, पण पीठ आणि हिशेब तुमचाच राहील. ऑपरेशनच्या आधी हे ठरले तर झोळीतले दिवस बरेच हलके जातात.

आणि भाकरी कधी थापायची. मी मुद्दाम आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून, एक हात खांद्यावर ठेवून हे पाहिले. थापताना खांद्यावर फार भार येत नाही, हात खालीच असतो. भार येतो तो काटवटीत पीठ तळहाताने रेटून मळताना, आणि त्याहून अधिक, फळीवरचा पिठाचा डबा काढताना किंवा लांबच्या चुलीवर भाकरी टाकण्यासाठी हात पुढे लांबवताना. शिवलेली कंडरा हाडाला नीट धरायला साधारण तीन महिने लागतात; त्याआधी रेटणे, ओढणे, उचलणे नाही, मग दुखत नसले तरी नाही. दुखायचे थांबते तेव्हाच माणसे चुकतात. ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच झाले तर भोगीच्या बाजरीच्या भाकरी यंदा जाऊबाईंनी थापाव्यात, तुम्ही शेजारी बसून तीळ लावावेत. तीन महिन्यांनंतर, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, घरापुरत्या दोन-चार भाकरींपासून सुरुवात करा, पीठ दुसऱ्याने मळलेले असावे. खाणावळीची संख्या गाठायला पाच-सहा महिने धरून चाला. पिठाचा डबा फळीवरून आजच खाली, कमरेच्या उंचीवर आणून ठेवायला सांगा; तो पुन्हा वर जाण्याची गरज नाही. पाडव्याला गुढीची काठी मुलाने धरावी, साखरेची माळ घालायला तुमचा हात तोवर वर पोचलेला असावा, या हिशेबाने आपण व्यायाम करू.